जाळीची पेटी

पेटीकाका माणूस गेल्यावर लागते ती पेटी बनवायचे. यात तोंड वाकडं करण्यासारखं काही नाही. कुणीतरी ती बनवायलाच हवी, आणि पेटीकाका चांगली बनवायचे. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नव्हती. हा विनोद गल्लीतल्या प्रत्येकाने त्यांना एकदा तरी ऐकवला होता, आणि प्रत्येकाला वाटायचं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. पेटीकाका "हो का" म्हणायचे आणि रंधा ओढत राहायचे.

त्यांच्या कामाची एक रीत होती. पेटी पूर्ण झाली की ते कारखान्याची दारं-खिडक्या लावून घ्यायचे, पेटीत एक विजेरी पेटवून ठेवायचे आणि झाकण बसवायचे. मग अंधारात पेटीभोवती एक फेरी. कुठूनही उजेडाची रेघ बाहेर आली, अगदी केसाएवढी का असेना, की पेटी परत बाकावर. फट म्हणजे त्यांच्या लेखी बेअब्रू होती. तीन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा तिच्या पेटीभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या होत्या. एकही रेघ दिसली नाही. ते बाहेर आले आणि हात धुवत बसले.

त्या वेळी लेक पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आली, ती राहिलीच. आता बत्तीस वर्षांची होती. सकाळी खाली बसून पेट्यांवरच्या नावाच्या पाट्या रंगवायची, जे तिच्या आईचं काम होतं. दुपारी वरच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरवर समुद्र बनवायची. समुद्र, धुकं, जळणारी गवताची गंजी, असलं काहीबाही. ते सिनेमात घालतात म्हणे. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक लाट फुटायला दोन दिवस लागायचे. पेटीकाका जेवताना विचारायचे, "फुटली का गं लाट?" ती म्हणायची, "अर्धी."

तर एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, मला एका कंपनीने विचारलंय."

"काय विचारलंय?"

"येता का म्हणून. अकरा तासांचा प्रवास आहे. वादळातल्या समुद्राची चाळीस सेकंदं करून द्यायची, पुढच्या गुरुवारी दुपारी बाराच्या आत. आवडली तर एक तारखेला रुजू. मशीन आपलं आपण न्यायचं."

"सुतारही आपला रंधा घेऊनच जातो," पेटीकाका म्हणाले. "आणि नाही आवडली तर?"

"नाही आवडली तर काय, आहेच मी इथे."

पेटीकाकांनी "बरं" म्हटलं आणि बशी पुसली. ती आधीच कोरडी होती. आता लपवण्यात काय अर्थ आहे? पोरीने जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. वरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज यावा, जेवताना समोर कुणीतरी बसावं, याहून जास्त काही नाही. पण हे तोंडाने बोलायचं म्हणजे पोरीच्या पायात दोरी बांधल्यासारखं झालं असतं, आणि तेवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

लेक म्हणाली, "नव्या कॉम्प्युटरचं बाकीचं सामान सगळं आलंय. फक्त पेटी राहिलीय. कॅबिनेट म्हणतात, पण पेटीच ती. चांगली मोठी लागणार. तुम्ही येता बघायला?"

पेटीकाकांनी कप खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी स्वतः धडधाकट असताना, स्वतःच्या सामानासाठी, त्यांना पेटी निवडायला बोलावत होतं. त्यांनी घडीची पट्टी खिशात टाकली आणि चपला घातल्या.

*

कॉम्प्युटरचा दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस होता. त्याच्या मागे भिंतीला काळ्या कॅबिनेटांची रांग होती. लहान, मधल्या, आणि सगळ्यात खाली जमिनीवर तीन धिप्पाड.

"काय काय ठेवायचंय आत?" त्याने लेकीला विचारलं.

तिने सांगितलं. ग्राफिक्स कार्ड कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढं लांब. रुंद मदरबोर्ड. तीन पंख्यांचा रेडिएटर, पाण्यावर थंड होणारा. दुकानदार ऐकता ऐकता सरळ उभा राहिला. गिऱ्हाईक साधं नाही हे त्याला कळलं.

"मग ह्या तिघींतलीच एक घ्या. लहान कॅबिनेटमध्ये कोंबलंत तर सगळं गुदमरेल. मोठीत हात घालायला जागा, वायरी मागून नेता येतात, पुढे काही वाढवायचं झालं तर वाढवता येतं."

"आमच्यात पुढे वाढत नाही," पेटीकाका म्हणाले.

दुकानदार हसला. मग थांबला, कारण पेटीकाका हसत नव्हते. त्यांनी पट्टी उघडली होती आणि ते गुडघ्यावर बसून पहिल्या कॅबिनेटची खोली मोजत होते.

"आत किती लांबीचं मावतं?"

"चारशे वीस मिलिमीटर, काका."

"आणि ठेवायचंय ते?"

"तीनशे चाळीस," लेक म्हणाली.

"म्हणजे आठ सेंटिमीटर शिल्लक. ठीक आहे. आम्हीही पायाशी तेवढंच सोडतो."

"तुमचा काय व्यवसाय, काका?"

पेटीकाकांनी सांगितलं. दुकानदाराने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, मग परत वर नेला. त्यानंतर तो पेटीकाकांशी फार अदबीने वागला.

पहिल्या कॅबिनेटची एक बाजू काचेची होती. आतले दिवे बाहेरून दिसावेत म्हणून. पेटीकाकांनी काच बोटाने वाजवली. "आमच्याकडेही काही जण झाकणाला काच मागतात," ते म्हणाले. "पण शेवटी नकोच म्हणतात. दिसून काय करायचंय?" लेकीलाही काच नको होती. वजन वाढतं आणि अकरा तासांच्या प्रवासात फुटली तर कपाळाला हात लावायचा. काच बाद झाली.

दुसरी कॅबिनेट सगळीकडून बंद होती. जाड पत्रा, आतून आवाज दाबणारा थर, दार असं की लावलं तर नुसता 'थप्' व्हायचा. पेटीकाकांनी ते दार चार वेळा उघडलं आणि चार वेळा लावलं. कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग उठून उभे राहिले आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं. कुणाचंही काम आवडलं की ते असंच करायचे.

"ही," ते म्हणाले. "हे काम करणारा माणूस प्रामाणिक आहे."

"छान आहे," लेक म्हणाली. "पण हिच्यात हवा खेळत नाही, बाबा. मला ही तिसरी हवी."

तिसरी समोरून जाळी होती. वरूनही जाळी. मागे चिरा, खाली भोकं. पेटीकाकांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना भरून आलं. वाईट अर्थाने.

"अगं माझे आई, ही पेटी कुठंय? ही चाळण आहे."

"हवा पुढून आत यायला हवी आणि मागून-वरून बाहेर जायला हवी. कार्ड तापतं. दोन-दोन दिवस एका दमात चालवणार मी."

"आणि भुसा? खाली दिवसभर करवत चालते. हिच्यात आठवड्याभरात ओंजळभर भुसा साठेल."

"जाळीच्या आत गाळणी असते, काका," दुकानदार म्हणाला. "पंधरा दिवसांनी काढून झटकायची."

पेटीकाकांनी गाळणी हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. तिच्यातून दुकानदार स्पष्ट दिसत होता. त्यांनी ती परत दिली. काही बोलले नाहीत, पण न बोलण्याचेही प्रकार असतात, आणि हा त्यांतला मोठ्ठा होता.

लेकीने जाळीचीच घेतली. उंची साठ सेंटिमीटर, खोली पंचावन्न, रुंदी पंचवीस, रिकामं वजन अठरा किलो. पेटीकाकांनी एवढंच केलं, की घरी पोचल्यावर आधी जिना मोजला. पेटी उचलण्याआधी जिना मोजायचा, ही त्यांची जुनी शिस्त. वळणावर चार बोटं जागा उरत होती. "जाईल," ते म्हणाले. "आणि येईलही," हे आपल्या तोंडून का निघालं ते त्यांना कळलं नाही. त्यांच्या धंद्यात जिना एकाच बाजूने मोजतात.

*

रविवारी सकाळी लेकीने खालच्या बाकावर मशीन जोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने जोडत होती. पेटीकाका शेजारी उभे राहून स्क्रू देत होते, आणि तिने प्रत्येक स्क्रू सरळ पिळला हे पाहून मनातल्या मनात फुशारत होते. दुपारी एक वायर कमी पडली. ती दुकानात गेली.

पेटीकाका कारखान्यात एकटे उरले. समोर बाकावर पेटी, तीही पूर्ण झालेली. चाळीस वर्षांची सवय अशी सुटते होय? त्यांनी दारं-खिडक्या लावल्या, विजेरी पेटवून आत ठेवली, झाकण बसवलं.

अरे देवा! समोरून उजेड, वरून उजेड, मागून पट्ट्यापट्ट्यांनी उजेड. छतावर भोकांची नक्षी उमटली होती. पेटीकाका त्या अंधारात उभे राहिले आणि त्यांना अशी शरम वाटली की विचारू नका. पोरगी उद्या परमुलखात चार माणसांसमोर ही पेटी ठेवणार. बापाचा धंदा काय, असं कुणी विचारलं तर काय सांगणार? आणि हा भुसा. आठवड्याभरात तिचा समुद्र भुशाने भरेल.

ते रस्ता ओलांडून बहिणीकडे गेले. लेकीची आत्या समोरच राहायची आणि पेट्यांची अस्तरं शिवायची.

"काळं कापड हवंय. जाड, लोकरी. दुहेरी शिवून दे."

"माप?"

"साठ बाय पंचवीस. आणि एक पंचावन्न बाय पंचवीस."

आत्याचा हात थांबला. "एवढंसं? अरे दादा... लहान मूल आहे का?"

"कॉम्प्युटर आहे."

आत्याने सुस्कारा सोडला, सुई ओवली आणि जास्त काही विचारलं नाही. तिने आयुष्यात बरंच काही पाहिलं होतं.

पेटीकाकांनी पुढची जाळी हलक्या हाताने काढली, आतल्या बाजूने कापड ताणून बसवलं, कडा डिंकाने अशा चिकटवल्या की नखही शिरू नये. वरच्या जाळीचंही तसंच केलं. मागच्या चिरांमध्ये त्यांनी लाकडाच्या बारीक पट्ट्या तासून, काळा रंग देऊन ठोकल्या. उरलेल्या फटी पुट्टीने बुजवल्या. तासाभराचं काम. मग परत विजेरी, परत अंधार, परत फेरी.

काळोख. गच्च, चोख काळोख.

पेटीकाकांनी रुमालाने तोंड पुसलं. लेक वायर घेऊन आली तेव्हा पेटी वर नेऊन, भिंतीला पाठ लावून ठेवलेली होती. तिला काही दिसलं नाही. दिसेल असं काम पेटीकाका करतच नसत. सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. पेटीच्या फटी बुजवल्या, हे काय सांगत फिरायचं असतं?

*

सोमवारी सकाळी आठला तिने समुद्र लावला. चाळीस सेकंदांची नऊशे साठ चित्रं, एकेकाला तीन मिनिटं. बुधवारी सकाळपर्यंत होईल आणि वर एक दिवस हाताशी राहील, असा हिशोब होता.

दुपारी एकेका चित्राला सात मिनिटं लागायला लागली. संध्याकाळी मशीन आपोआप बंद पडलं. तिने चालू केलं, तासाभराने परत बंद. मंगळवारी सकाळी दोनशे चित्रं झाली होती आणि लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

तिने दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "प्रोसेसर थंड राहावा म्हणून वर लावतात ती पेस्ट नीट लागली नसेल. हवा खेळतेय ना?"

"जाळीचीच आहे ना कॅबिनेट," ती म्हणाली. "तीच तर घेतली."

तिने वायर काढली, झाकण उघडलं, पेस्ट पुसली, नवी लावली, झाकण बसवलं, चालू केलं. परत तेच. तीन वेळा उघडलं आणि तीन वेळा लावलं. आता तुम्ही म्हणाल, बाई गं, झाकण उघडं ठेवून एकदा चालवून बघायचं की! शहाण्या माणसाला ते पहिल्या पाच मिनिटांत सुचलं असतं. पण ती वाढली त्या घरात. झाकण बसलं नाही तोवर कामाला पूर्ण म्हणत नसत, आणि उघडी पेटी तशीच सोडून कुणी खोलीबाहेर जात नसे. तिच्या हाताला ते वळणच नव्हतं.

मंगळवारी दुपारी जेवताना ती म्हणाली, "मला जोडताच येत नाही, बाबा. सगळं चांगलं सामान आणलं आणि मीच माती केली." भात चिवडत राहिली. "संध्याकाळपर्यंत सुरळीत झालं तर पुरेल वेळ. नाहीतर कळवून टाकते त्यांना. राहते इथेच. तसंही तुम्ही एकटे पडला असता."

पेटीकाका "हं" म्हणाले. काय सांगू तुम्हाला, त्यांचा जीव भांड्यात पडला. पोरीचा चेहरा पडलेला आणि बापाचा जीव भांड्यात, असं ते जेवण झालं. पोळीचा दुसरा घास घेताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण आनंद काही हटेना.

ती खाली पाट्या रंगवायला गेली. पेटीकाका वर तिचं पाण्याचं भांडं आणायला म्हणून गेले. मशीन चालूच होतं, पडद्यावर अर्धी लाट थबकून उभी होती. बाहेर पडता पडता त्यांनी सवयीने पेटीच्या माथ्यावर तळहात ठेवला.

आणि झटकन काढला.

मग गुडघ्यावर बसून त्यांनी हात जाळीसमोर धरला. आत पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते. एवढा आवाज, आणि हाताला वाऱ्याची झुळूक म्हणून लागत नव्हती. त्यांना लेकीचं दुकानातलं बोलणं आठवलं. हवा पुढून आत यायला हवी. दुकानदाराचंही आठवलं. सगळं गुदमरेल.

पेटीकाका भांडं न घेताच खाली उतरले.

*

खाली येऊन त्यांनी एक फळी बाकावर घेतली आणि रंधा मारायला सुरुवात केली. फळी आधीच गुळगुळीत होती. तरी मारत राहिले.

कुणालाही काही कळणार नव्हतं. आज रात्री दहा वाजले की उरलेली चित्रं गुरुवारी दुपारपर्यंत होणं शक्य नाही, हे तिनेच सांगितलं होतं. तोवर रंधा मारत राहायचं, बस. मुद्दाम तर काही केलं नव्हतं. भुशासाठीच केलं होतं, चांगल्या मनाने केलं होतं. नंतर कधीतरी गुपचूप कापड काढून टाकायचं. पोरगी इथेच राहील. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज येईल. असे मनातल्या मनात मांडे खात त्यांनी ती फळी कागदाएवढी पातळ केली.

समोर लेक आईच्या स्टुलावर बसली होती. कुणा अनोळखी म्हातारीच्या नावाची पाटी रंगवत होती. अक्षर मोत्यासारखं यायचं तिचं. एक सलग वळण ओढताना ती श्वास रोखून धरायची, आईनेच शिकवलं होतं तसं. वळण संपलं की श्वास सोडायची. पेटीकाका रोजच हे पाहत आले होते. आज मात्र वळण संपलं, ब्रश उचलला गेला, आणि तिने श्वास सोडलाच नाही. ती तशीच पाटीकडे बघत बसली.

"श्वास घे," पेटीकाका म्हणाले.

"काय?"

"श्वास घे म्हटलं!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की ती स्टुलावरून उठली. चाळीस वर्षांत कारखान्यात कुणी ओरडलं नव्हतं. तिथे ओरडायची पद्धतच नव्हती. "पेस्ट तू नीट लावलीयेस. जोडलंयस पण नीट. मी फटी बुजवल्या."

"कसल्या फटी?"

पेटीकाकांनी विजेरी उचलली आणि ते जिना चढायला लागले. वर जाऊन त्यांनी मशीन बंद करायला लावलं, झाकण उघडलं, विजेरी पेटवून आत ठेवली, झाकण लावलं, खिडकीचे पडदे ओढले.

"बघ," ते म्हणाले. "कुठून उजेड येतोय?"

लेक पेटीभोवती फिरली. लहानपणी बापामागे फिरायची तशीच. पुढे. वर. मागे. मग तिने पुढची जाळी ओढून काढली आणि नखांनी कापडाची कड शोधायला लागली. कड सापडेना. शेवटी पेटीकाकांनीच पटाशी आणून ते सोडवलं. काळं कापड तिच्या हातात आलं तेव्हा ते कोमट होतं.

तिने ते चिमटीत धरून कड उलटून पाहिली.

"हे दुहेरी शिवलंय," ती म्हणाली.

"आत्याने."

"आत्यालाही माहीत होतं?"

"तिला आधी वाटलं, मूल आहे."

लेकीने डोळे मिटून घेतले. हसू येतंय की रडू, हे तिलाही ठरवता येईना. "तुम्हाला कधी कळलं?"

"जेवण झाल्यावर. दोन तास झाले."

"आणि हे काढलं तर मी जाणार, हेही कळत होतं?"

"हो."

"मग सांगितलंत कशाला?"

पेटीकाकांनी पटाशी पुसली. दोन्ही बाजूंनी पुसली. "पेटी गरम होती," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत माझ्या हाताखालची एकही पेटी गरम झाली नव्हती." आणि मग, आयुष्यभर जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. फार वाटतं. पण म्हणून तुला मी बंद करून ठेवू का?"

तिने बापाच्या खांद्यावर कपाळ टेकवलं, आणि पेटीकाका तिच्या केसांतला भुसा काढत उभे राहिले.

मग दोघांनी मिळून पट्ट्या उपटल्या. पुट्टी मात्र जाम निघेना. ती पेटीकाकांनी स्वतः भरली होती, त्यामुळे अर्धा तास ते स्वतःलाच शिव्या घालत होते.

चारच्या सुमाराला समुद्र परत सुरू झाला. पेटीकाकांनी करवत बंद केली, कारखान्याची फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि दारावर पाटी लावली. काम शुक्रवारी. आत्या म्हणाली, "अरे, त्या म्हातारीची पेटी द्यायची होती ना उद्या?"

"शेजारच्या दुकानातून तयार पाठवली. पाटी आपलीच आहे."

"तिचे घरचे काय म्हणतील?"

"घरचे हो म्हणालेत. तिची कुठे तक्रार येणार?"

*

गुरुवारी सकाळी लेकीने त्यांना समुद्र दाखवला. चाळीस सेकंद. काळं पाणी, फेस, आणि मधोमध एक नाव वरखाली होत होती. पेटीकाकांनी तो तीनदा पाहिला.

"नावेचे सांधे चांगले आहेत," ते म्हणाले. त्यांच्याकडून याच्यापेक्षा मोठं कौतुक कुणी कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी उत्तर आलं. एक तारखेला या.

मशीन न्यायला खोकं हवं होतं, आणि ते कोण बनवणार यावर चर्चा झाली नाही. पेटीकाकांनी देवदाराच्या फळ्या घेतल्या. आत्याने आतून गादीसारखं अस्तर शिवलं. मग पेटीकाकांनी गिरमिट घेऊन चारही बाजूंना भोकं पाडली. मशीन बंद असताना खोक्याला हवेची काहीही गरज नसते, हे लेकीने दोनदा समजावून सांगितलं. ते "हो का" म्हणाले आणि पाडत राहिले. शेवटी विजेरी आत ठेवून त्यांनी अंधार केला. सगळ्या भिंतींवर ठिपके ठिपके उमटले. पेटीकाका त्यात जरा वेळ उभे राहिले आणि खिडकी उघडून बाहेर आले.

लेक ब्रश घेऊन आली. "नाव लिहिते वर."

"नाव नको."

"अहो, मग पोचणार कसं?"

"तुझं नाव माझ्या पेटीवर नको," पेटीकाका म्हणाले, आणि हे अशा आवाजात म्हणाले की तिने ब्रश त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात कंपनीचा पत्ता लिहिला आणि खाली लिहिलं, 'आत कॉम्प्युटर आहे'.

एक तारखेला नेहमीचाच टेम्पो आला. चालक पंचवीस वर्षं पेटीकाकांच्या पेट्या नेत होता. दोघांनी खोकं जिन्यावरून उतरवलं. वळणावर या वेळी एकच बोट उरलं.

"ही कुणाची, काका?" चालकाने हलक्या आवाजात विचारलं.

"माझ्या लेकीची."

चालकाचा चेहरा पांढरा पडला. त्याने टोपी काढली आणि छातीशी धरली.

"टोपी घाला, मामा," मागून लेक बॅग घेऊन जिना उतरत म्हणाली. "मी पुढे बसणार आहे तुमच्याशेजारी. खिडकी माझी."

तो बिचारा पाच मिनिटं टेम्पोच्या पायरीवर बसून राहिला. आत्याने त्याला पाणी दिलं.

निघताना लेकीने खोक्याच्या झाकणावर हात फिरवला. तिथे एकही स्क्रू नव्हता. पितळी बिजागऱ्या होत्या आणि पुढे कडी.

"बाबा, हे काय? तुम्ही तर स्क्रूने बंद करता."

"ही उघडायची आहे. आणि पोचल्यावर फोडून टाकू नकोस. येताना लागेल."

"कधी येताना?"

"तू येशील तेव्हा."

ती बापाच्या गळ्यात पडली आणि हमसून रडली. पेटीकाकाही रडले, चालकासमोर, भर रस्त्यात. मग टेम्पो गेला.

पेटीकाका आत आले. भुसा झाडला, रंधा जागेवर ठेवला. त्यांच्या कारखान्यातून गेलेली एकही पेटी आजवर परत आली नव्हती, म्हणून तिथे परत आलेली पेटी ठेवायला जागाच नव्हती. त्यांनी मांडणीच्या खालच्या कप्प्यातलं सगळं सामान बाहेर काढलं, कप्पा पुसला आणि खिशातून पट्टी काढली. खोकं ऐंशी लांब होतं. कप्पा पंच्याऐंशीचा भरला. त्यांनी खात्री करायला परत एकदा मोजलं.